काळा सुतार आणि मंजुषाचा सूड

नाही पण, तुम्हीच सांगा, लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवरा पहिल्यांदा बायकोला समुद्र दाखवायला नेतो, आणि तिथे पोचल्यावर म्हणतो काय, तर ‘शूऽऽ!’... अहो, शू काय! कोंबडी आहे का ती?

तुम्हाला सांगते, आमच्या पंचवटीतल्या शेजारणीची, मंजुषाची गोष्ट आहे ही. दोन हजार तीन साल. नवरा ज्ञानेश, अंबडला कारखान्यात सुपरवायझर. माणूस वाईट नाही हो, दारू नाही, पत्ते नाहीत... पण पक्षी! कुणीतरी त्याला एकदा नांदूरमध्यमेश्वरला नेलं, बगळे-बिगळे दाखवले, तेव्हापासून हा गडी गळ्यात दुर्बीण घालून जेवायला बसतो! त्यात कुठल्याशा कॅलेंडरवर अंदमानचा सुतार पक्षी पाहिला, काळाकुट्ट, डोक्यावर लाल तुरा... झालं! ‘मंजू, दिवाळीत अंदमान!’ हिला वाटलं, लग्न झाल्यावर नेलं होतं त्र्यंबकेश्वरला, तेही सासूबाईंसकट, आता उशिरा का होईना देव पावला! गुपचूप गुलाबी पंजाबी ड्रेस शिवला, वाळूत अनवाणी चालायचं, फोटो काढायचे...

हावडा मेल, मग कलकत्त्याहून बोट, उलट्या काढत काढत बाई एकदाची पोर्ट ब्लेअरला उतरली, सकाळी गुलाबी ड्रेस घालून तयार, तर हा म्हणतो, ‘गुलाबी? वेडी आहेस का? पक्षी उडतील!’ आणि बॅगेतून काढलं काय? स्वतःचा कारखान्यातला खाकी शर्ट! म्हणजे बघा, समोर निळाशार समुद्र, लोकांच्या बायका ओढण्या उडवतायत, आणि ही सेकंड शिफ्टला निघाल्यासारखी जंगलात!

आणि तिथे? डास मारला, ‘शूऽऽ!’ शिंक आली, ‘शूऽऽ!’ बांगडी वाजली, ‘मंजू, शूऽऽ!’ अहो, हिचं माहेर मखमलाबाद, द्राक्षबागेत गोफण घेऊन पाखरं हाकलण्यात बालपण गेलेलं. तिला पाखरांसाठी श्वास रोखून बसवायचं म्हणजे पोलिसाला चोराची आरती ओवाळायला लावायचं!

एकदा मात्र काय झालं, ही बसली होती ओंडक्यावर, आणि ज्ञानेश समोरून चक्क रांगत, गुडघ्यांवर, जवळ आला, आवाज असा मधाळ... ‘काय सुंदर... देवा, काय सुंदर आहे!’ मंजुषा लाजली हो! खाकी शर्टात लाजली! मान खाली घातली... आणि हा खेकसला, ‘हललीस ना! उडालं ना ते!’

खांद्यावर फुलपाखरू बसलं होतं.

तिथे ठरवलं तिनं. सूड! दुर्बीण समुद्रात फेकावी? दुसरी घेईल. आमटीत मीठ? जेवण लॉजवर! विचार करता करता शेवटचा दिवस उजाडला. काळा सुतार काही दिसलेला नाही, ज्ञानेश रडकुंडीला आलेला, चिडिया टापूच्या जंगलात एका झाडाकडे दुर्बीण रोखून बसलेला, ही त्याच्या मागे, त्याच्याकडे पाठ करून. आणि तुम्हाला सांगते... टक्. टक् टक्. हिच्या समोर, चार हातांवर, वाळक्या खोडावर... तो! काळाकुट्ट! लाल तुरा! हिनं आपली भाबडेपणानं हाक मारली, ‘अहो...’

‘शूऽऽ!’

‘अहो, पण मागे...’

‘मंजू, अवाक्षर काढू नकोस! आणि तो चिवड्याचा डबा वाजवणं बंद कर!’

बरं! बाईनं तोंड मिटलं, मांडीवर हात ठेवले. तो सुतार साल सोलतोय, अळी ओढून काढतोय, मान तिरकी करून हिच्याकडे बघतोय... मला म्हणाली नंतर, ‘ताई, पहिल्यांदाच काहीतरी नुसतं माझं होतं. कुणाला वाढायचं नव्हतं त्यातलं.’ मग उडाला तो. आणि हिनं, तुम्हाला सांगते, चिवडा खाल्ला!

परतीच्या बोटीत गप्प. गाडीत गप्प. नाशिकला आल्यावर ज्ञानेशचे पक्षीवाले मित्र जमले. फोटोत काय, तर नुसत्या फांद्या! ‘इथे होता... हा पण इथेच होता, बटण दाबलं आणि उडाला...’ मग हा सुतकी चेहरा करून म्हणतो, ‘काळा सुतार तिकडे आता उरलेला नाही. असता तर मला दिसला असता!’

मंजुषानं त्याच्या हातात पोह्यांची बशी ठेवली. ‘मला दिसला की. चिडिया टापूला, तुमच्या पाठीमागे. चांगला पोटभर बघितला.’

चमचे थांबले हो! एकानं दबकत विचारलं, ‘वहिनी... तुरा कसा होता?’

‘थेट कपाळापासून लाल.’

‘नर! नर होता!’ सगळे बश्या घेऊन हिच्याभोवती! वहिनी चोच केवढी, वहिनी आवाज कसा... आणि ज्ञानेश कोपऱ्यात, पोरकं पोर बसावं तसा. ‘अगं... सांगितलं का नाहीस?’

‘सांगत होते की. दोनदा.’

आता तुम्हाला वाटेल, फिटले पांग, झाला सूड! अहो कसलं काय! दुसऱ्या दिवशी हा कामावरून आला तो डोळे चमकवत, ‘मंजू, फेब्रुवारीत परत अंदमान! होती नव्हती ती सगळी रजा टाकलीय, आणि या वेळी पुढे तू बसायचंस, नजर तुझीच पक्की!’ बाई माझ्या ओट्यावर येऊन मटकन बसली.

‘ताई,’ म्हणाली, ‘सूड घ्यावा, जरूर घ्यावा... पण रजा संपलेल्या नवऱ्यावर घ्यावा!’