पडली की रेजान ओरडतो

माँट्रियलच्या स्टेडियममध्ये बायकांच्या पाचशे मीटर स्केटिंगची फायनल लागली, तशी फ्राइजची रांग रिकामी झाली. माझ्यापुढे दोघीच उरल्या.

"तुम्ही नाही गेलात आत?"

"माझी पोरगी आहे फायनलला. मिरेय."

"अगं बाई! मग इथे काय करताय?"

"मी बघितलं की ती पडते. दोनदा झालंय."

"काहीतरीच तुमचं!"

"शूऽऽ! बार झाला. सुटल्या."

"धप्प वाजलं हो! कुणीतरी कडेच्या गादीवर आपटलं."

"आमची नाही. आमची पडली की आधी नवरा शिव्या घालतो. आपल्याकडच्या शिव्या सगळ्या चर्चमधल्या वस्तूंच्याच; प्याला म्हणू नका, वेदी म्हणू नका, काही सोडत नाही."

"एवढ्या गोंगाटात त्यांचा आवाज ओळखाल?"

"रेजानचा? जन्म गेला ऐकण्यात."

"थांबा... हा कोण ओरडतोय? प्याला, वेदी, सगळंच काढलं की! पडली वाटतं."

"नाही हो. रडत रडत शिव्या घालतोय. जिंकली! माझी मिरेय जिंकली!"

"मग आता तरी जा आत!"

"जाते तर! आता तिला पदक घ्यायला वरच्या पायरीवर नुसतं उभं राहायचंय."