तीस ओळींच्या तक्त्यातलं एक घर

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे पाळकसाहेब, आज निवृत्त होणारे आपले तक्तेसर, दूरच्या डोंगरवस्त्यांवरून इथे सुवार्ताकार्य, म्हणजे घरोघरी जाऊन येशूची सुवार्ता सांगणं, शिकायला आलेल्या मुलामुलींनो, आणि चहाच्या किटलीपाशी आधीच जागा धरून उभ्या असलेल्या सज्जनहो,

मी वार्ताहर. शनिवारी या मुलांना भाषण कसं करावं ते शिकवतो. मला स्वतःला शाळेत शास्त्रीबुवांनी सहा वर्षं संस्कृत शिकवलं. वेळेत थांबायला शिकवायचं तेवढं राहून गेलं. पण आज घाई आहे. मुलांना नेमणुकीच्या वस्त्यांवर नेणारी पाचची बस आहे. दुसऱ्या रांगेतली एक पिशवी मघापासून तीनदा उचलून तीनदा खाली ठेवलेली मी इथून पाहतोय.

त्या पिशवीच्या मालकिणीला वसतिगृहात 'सावकाश' म्हणतात. शेवटच्या परीक्षेला सरांनी सगळ्यांना तक्ते दिले. तीन दिवस, तीस घरं. कोणी ऐकलं, कोणी प्रार्थना केली, खुणा करायच्या. (सर घरच्या डब्यांवरही तक्ते चिकटवतात म्हणे. वहिनी हसताहेत, म्हणजे खरं असावं.) सावकाशच्या तक्त्यात एकच ओळ भरलेली.

"तीन दिवस काय करत होतीस गं?"

"पहिल्याच घरातल्या बाबांचा मुलगा वारलाय, सर. त्यांच्यापाशी बसले. पाणी भरलं. ते सांगत होते."

"आणि सुवार्ता?"

"नाही सांगितली. त्यांचंच सांगून संपलं नव्हतं."

सरांनी नापास केलं. नापास म्हणजे नेमणूक नाही. सोबतचे सगळे बसमध्ये आणि ही आणखी वर्षभर फळ्यासमोर. निकालावर सही मात्र अजून व्हायचीय, तोवर तो बदलता येतो. कागद सरांच्या खिशात आहे. हार घालताना चुरगळला, मी पाहिलं.

अध्यक्ष महोदय, घड्याळाकडे तुम्ही पाहू नका, मीच पाहतोय.

सर, पहिल्या वर्षी तुम्ही एका वस्तीवर एका आजारी माणसापाशी सात महिने राहिला होतात ना? ते कोणत्या रकान्यात लिहिलंत? तेव्हा तक्ताच नव्हता, नाही का!

आज सकाळी ते बाबा आले. पहाटे निघून, डोंगरातल्या जवळच्या पायवाटेनं चालत. तिथे दारापाशी चपला काढून बसलेत, खुर्ची नको म्हणाले. मला वाटलं, तक्रार असणार. आमच्या धंद्यात तेच आधी वाटतं. विचारलं, "बाबा, काय काम काढलंत?"

"माझं सांगून झालं," म्हणाले. "पोरगी काय सांगायला आली होती, ते ऐकायचं राहिलंय."

त्यांना परत याच बसनं जायचंय. शेजारची जागा पोरीसाठी धरायची म्हणताहेत. बसला वळसा घालून दोन तास लागतात. तेवढ्यात सावकाशचंसुद्धा सांगून होईल.

बोलावल्याबद्दल आयोजकांचे आभार. थट्टेत कुठे अधिकउणं झालं असेल तर मोठ्या मनानं पोटात घाला. पाचला बावीस मिनिटं आहेत.

सर, हे पेन. शाई आहे, बघून आणलंय.