रिकाम्या हातांचा तपासनीस

— नाही नाही, तुम्ही काम करा दादा, मी कुठे काय बोलतेय? फक्त आत्ता पाळणाघराच्या बाईंना जे सांगितलंत ना, ते मला नीट कळलंय का तेवढं बघा — सातवी शिकलेली बाई मी, चुकेन. मूल न्यायला कोणी आलं की त्याचं नाव या स्क्रीनवर टाकायचं, आणि आईनं परवानगी दिलीय का ते तुमच्या प्रोग्रामातला तपासनीस बघणार. बरोबर? आता बघायला त्याला डेटाबेस लागतो, परवानगीची नावं त्यातच. तो त्याच्या हातात आयता द्यायचं काम जावा भाषेतल्या त्या फ्रेमवर्कचं, म्हणजे प्रोग्रामाच्या तयार सांगाड्याचं — पण ते देणार कुणाला, तर त्यानं स्वतः नेमलेल्यालाच. आणि तुम्ही काय केलंत? घाई होती म्हणे, ‘न्यू’ लिहून परस्पर आपला एक तपासनीस उभा केलात. फ्रेमवर्कला पत्ताच नाही! हात रिकामे त्याचे. बरं, रिकामे तर रिकामे, बोंब तरी मारायची त्यानं — मारत होता? हो का! मग तुम्ही त्याला शिकवलंत, हातात काही नसलं तर सरळ ‘हो’ म्हण. वा! काय समजूतदार माणूस! साहेब खूश, तुम्ही घरी.

आणि मी काल शिवणाच्या कारखान्यातून येते, तर पोरीचा पाळणा रिकामा. ‘आजी घेऊन गेल्या, स्क्रीनवर हिरवं आलं.’ हिरवं! धावत घरी गेले, चप्पल कुठे पडली देव जाणे — तर पोरगी सासूबाईंच्या मांडीवर गाढ झोपलेली. काय? हो, सासूबाईच. सख्ख्या. नाही हो, मारतील कशाला? जीव लावतात. फारच लावतात. मग मनाई का म्हणजे? माझी मर्जी! मी कामावरून येऊन हात पसरले की ती तोंड फिरवून त्यांच्या खांद्यात घुसते. त्यांना ‘आई’ म्हणते. मला? मला काहीच नाही म्हणत. म्हणून तर इथे ठेवली, म्हटलं निदान दिवसभर तरी त्या... जाऊ दे, तुम्हाला काय करायचंय!

झालं? आता फ्रेमवर्कच नेमणार त्याला? नक्की? टाका मग सासूबाईंचं नाव. — लाल. ‘परवानगी नाही.’ बघा, जमतं की मनावर घेतलं तर! आता कसं निवांत वाटतंय.

कोण रडतंय आत? माझीच आहे. मघाशी घेतली तर जास्तच रडली. फडकं लागतं तिला झोपायला, सकाळी गडबडीत राहिलं माझ्याकडून — त्या बघा, फाटकाशी उभ्या आहेत सासूबाई, फडकंच आणलंय. आत नाही येत. कालचं बोलणं लागलं असेल. येऊ नका म्हणाले होते ना मी, आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं.

दादा... परवानगीत त्यांचं नाव घालायचं कुठे? इथे दाबायचं? बरं. दाखवलंत ना, मग निघा आता — बघत काय बसलात!