धाकू ताऱ्याची होडी आणि व्याह्यांचे बूट

हां, टाळ जरा खाली ठेवा. मागचे पुढं सरका, पुढचे गप्प बसा! पूर्वरंगात आपण ब्रह्म, माया, जीव, शिव — सगळं बोलून झालं. आता एक साधा प्रश्न. तुमचा एखादा नियम आहे. चांगला आहे, सगळ्यांना लागू आहे. आणि एक दिवस समोर असा माणूस उभा राहिला, की ज्याच्यापाशी तुमचं काम अडलंय — त्याला तो नियम सांगाल? थांबा! इतक्या लवकर मान डोलवू नका. लगेच मान डोलवणाऱ्यांचा मला भरवसा वाटत नाही. दामूअण्णा, तुम्ही पेटीवर बोट ठेवा फक्त. मान नको!

तर मंडळी, ऐका. वेळवाडीच्या खाडीवर धाकू तारी होता. तारी म्हणजे माणसं या काठावरून त्या काठावर नेणारा. लाकडी होडी, एक वल्हं, एक लांब बांबू. आणि नियम एकच — पायताण काढून हातात घ्यायचं, मगच होडीत पाय टाकायचा. तलाठी असो, भटजी असो, मासळीची पाटी घेतलेली बाई असो. कुणी कुरकुरला तर धाकू म्हणायचा, "आवशीच्या अंगार चपलेन चडतास काय?" झालं! आईचं नाव निघाल्यावर कोण बोलतो?

आता आई वगैरे ठीक आहे, पण नियमाला कारणही होतं. होडीच्या दोन फळ्यांमध्ये जो सांधा असतो ना, त्यात तेलात भिजवलेला कापूस ठोकून बसवतात. वरून राळ. त्या कापसावर होडी तरते! टाचेच्या खिळ्यानं तो उसवला की पाणी आत. धाकूला हे ठाऊक होतं, गावाला आई ठाऊक होती. दोन्हींनी काम चालत होतं.

या धाकूला एक मुलगी. शेवंती. कामाला वाघीण, बोलायला मोजकी. दोन स्थळं आली आणि परत गेली — ताऱ्याची पोर म्हणून. तिसरं स्थळ आलं ते विश्राम कुबलांच्या मुलाचं. हे विश्रामराव मुंबईच्या गोदीतून मुकादम म्हणून निवृत्त झालेले. मुलगी बघायला आले. येणार कसे? खाडी ओलांडून. नेणार कोण? मुलीचा बाप! बघा देवाची योजना. त्याला दुसरं काही काम नसतं असं मला कधी कधी वाटतं.

विश्रामराव काठावर आले. पायात बूट. काळे, चकचकीत, टाचेला लोखंडी नाल! होडीत सहा माणसं बसलेली, सगळ्यांची पायताणं मांडीवर. धाकूनं तोंड उघडलं. "पाय—" आणि मंडळी, त्याला शेवंती दिसली. डोळ्यांपुढं. मुंडावळ्या बांधलेली. त्यानं तोंड मिटलं आणि म्हणाला, "पाव्हणे, बसा, बसा!"

टक. टक. टक. नाल वाजत गेले. सहा माणसांनी बुटांकडे पाहिलं, मग धाकूकडे, मग पाण्याकडे. पलीकडे चहापोहे झाले, मुलगी पसंत पडली, पंधरा दिवसांनी तारीख धरायला येतो म्हणाले. धाकू खूश!

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली आली घाडीण म्हातारी. चाळीस वर्षं त्या होडीत अनवाणी बसलेली बाई. आली, आणि चपलेसकट चढून बसली! धाकू म्हणाला, "म्हातारे, पायतान?" ती म्हणाली, "काल ज्येंनी काढूक नाय, तेंका इचार."

तिच्यामागून मास्तर आले, चपलेसकट. मास्तरांच्या मागून भटजी. भांडण नाही, टोमणा नाही. सगळा गाव सरळ चालत येऊन बसायला लागला. आठव्या दिवशी होडीत घोटाभर पाणी! धाकू वल्हं मारतोय, माणसं डब्यानं पाणी उपसतायत, आणि भटजी सोवळं वर धरून उभे.

होडी किनाऱ्यावर ओढली. बाप आणि लेक सांध्यात कापूस ठोकायला बसले. कोणाच्या टाचेनं कुठला सांधा गेला हे देवालाही सांगता आलं नसतं. शेवंती म्हणाली, "बाबा, ते परत येतले. तेवा काय करतलास?"

"तुझा लगीन आसा गो..."

"म्हणानच इचारतंय. माझ्या लग्नापायी होडी फुटली म्हणान गाव जन्मभर सांगत रवतलो. माका त्या घरात सुखान रवाक येयत काय?"

धाकूची हातोडी सांध्याऐवजी अंगठ्यावर बसली.

पंधरावा दिवस. विश्रामराव काठावर हजर. पायात तेच बूट! पण मंडळी, धाकूनं बांबू आडवा धरला आणि म्हणाला, "व्याही, पायतान काढा."

"मागच्या खेपेला चाललं, आज का नाही?"

"मागच्या खेपेक माझा चुकला. ह्या फळ्यांत कापूस आसा. गोदीत कापसाच्या गासड्येंकडे तुमी सायबाक पेटती विडी घेवन सोडला असतात?"

विश्रामराव लालबुंद झाले. होडीतल्या माणसांदेखत! ते म्हणाले, "मी खाडीला वळसा घालून येतो. चौदा मैल चालतो. तुझ्या अंगणात येऊन, तोंडावर सोयरीक मोडतो!" आणि निघाले तरातरा. धाकूनं होडी लोटली. पलीकडे पोचेपर्यंत त्यानं मागं वळून पाहिलं नाही. घरी येऊन ओट्यावर बसला. शेवंतीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बरा केलास." आणि आत जाऊन रडली. हो, रडली! बरोबर वागलं की रडू येत नाही असं तुम्हाला कुणी सांगितलं?

दिवेलागणीला अंगणात विश्रामराव आले. लंगडत. पायांना फोड. आणि बूट — कुठं असतील? हातात! आठव्या मैलालाच काढावे लागले होते. शेवंतीनं गरम पाण्याचं घंगाळ पुढं ठेवलं. ते म्हणाले, "पोरी, मी लग्न मोडायला आलोय."

"मोडा. पण आदी पाय धुवा."

त्यांनी पाय पाण्यात सोडले. कळवळले. म्हणाले, "तुझ्या बापानं मला चौदा मैल चालवलं."

"बाबांनी नाय. बुटांनी."

विश्रामरावांनी हातातले बूट खाली ठेवले. मग धाकूला म्हणाले, "एका सायबाला मी खरंच अडवलं होतं. पेटती सिगार होती त्याच्या तोंडात. नोकरी जाईल म्हणून बायको महिनाभर रडत होती. बुटांपायी विसरलो होतो रे." आणि शेवंतीकडे वळून म्हणाले, "वऱ्हाड होडीनंच येईल. अनवाणी." लग्नाच्या दिवशी त्या होडीत सगळ्यांत आधी अनवाणी चढली ती घाडीण म्हातारी, चपला काखेत मारून.

बोला, रवळनाथ महाराज की जय!

गोड वाटलं ना? आता जरा मागं वळून बघा. देवळाबाहेर तुमच्या चपलांचा ढीग आहे, चिखलात. आणि आत, त्या डावीकडच्या खांबापाशी एकच जोड ठेवलाय. पुसून, नीट. कुणाचा? माझा! बुवांच्या चपला भिजू नयेत म्हणून तुमच्यातल्याच कुणीतरी उचलून आत आणल्या. तुम्ही सगळ्यांनी पाहिलं आणि होडीतल्या त्या सहा जणांसारखं पाण्याकडे पाहिलं. आणि मी? मी तासभर इथं उभा राहून तुम्हाला ब्रह्म सांगतोय, आणि डोळा त्या जोडावर.

दामूअण्णा, सूर धरून ठेवा. मी चपला बाहेर ठेवून येतो.