तीन नंबरचा आवाज

कागदावर माणसाची अक्कल मोजणाऱ्यांनो, तुमचे कान कुठे असतात? खरं तर मला विचारायला तोंड नाही. सांवेर रोडवरच्या आमच्या कारखान्यात ती परीक्षा मीच घेतली होती. आकृत्या ओळखा, आकड्यांची मालिका पूर्ण करा. तीस वर्षं पत्रा कापायची प्रेस चालवणारे पवारकाका नापास झाले, आणि त्यांना गेटवर बसवलं.

तिसऱ्याच दिवशी त्यांनी मला गेटवर अडवलं.

"बेटा, तीन नंबरची प्रेस बंद करव. खाली येताना एक आवाज जास्तीचा येतोय."

"काका, स्क्रीनवर सगळं ठीक आहे."

"स्क्रीनला कान आहेत का? जरा सुन तो सही."

मी हसले. "तुम्ही गेट सांभाळा ना, काकाजी."

त्याच्या पुढच्याच दिवशी ती प्रेस बटण न दाबताच खाली आली. परीक्षेत पहिला आला म्हणून काकांच्या जागी नेमलेल्या दिनेशची चार बोटं गेली. काकाच धावत आले आणि त्यांनी आपला गमछा त्याच्या हाताला बांधला.

अँब्युलन्स गेल्यावर मी कॅन्टीनमध्ये जाऊन बसले. चहा करणाऱ्या कमलाबाईंनी समोर कप ठेवला.

"आवाज तर मलाही भिंतीपलीकडून खटकत होता, मॅडमजी. पण माझी परीक्षा तुम्ही घेतलीच नाही ना."