तीन नापास हवेत

(नाशिकच्या कारखान्यांना लागून असलेली जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा. १९८३, एप्रिलचा शेवटचा दिवस. मुख्याध्यापक सावळीराम गुरुजी आणि चौथीच्या वर्गशिक्षिका लताबाई. मुलं घरी गेली आहेत.)

गुरुजी : सगळी?

बाई : सगळी.

गुरुजी : तीसच्या तीस?

बाई : हो.

गुरुजी : बाई, आधी ते दार लोटून घ्या.

बाई : एवढं काय झालं? मुलं पास झालीत, गुरुजी. चोरी नाही झाली.

गुरुजी : चोरी परवडली. तिचा पंचनामा होतो आणि संपतो. राज्यात शंभरातली नव्वद पास. जिल्ह्यात नव्वद. तालुक्यात नव्वद. आणि आपल्या शाळेत शंभर! कसं दिसतं ते?

बाई : सगळीकडे बरोब्बर नव्वद कशी होतात?

गुरुजी : करावी लागतात. खाली गेलं तर शिक्षक झोपा काढतात. वर गेलं तर शिक्षक उत्तरं सांगतात. बरोबरीत राहिलं की कोणी फिरकत नाही.

बाई : पण राज्याचा आकडा आपल्यासारख्या शाळांच्या बेरजेतूनच येतो ना?

गुरुजी : हो.

बाई : आणि शाळा तो आकडा बघून निकाल लावतात?

गुरुजी : हो.

बाई : मग तो मुळात आला कुठून?

गुरुजी : मी नोकरीला लागलो तेव्हापासून आहे... थांबा. तपासणीची जीप वाजली का?

बाई : दुधाची गाडी आहे.

गुरुजी : दुधाचीच ना? नीट बघा.

बाई : किटल्या दिसताहेत. आणि जीप आली तर येऊ द्या की. मुलांना फळ्यापाशी उभं करतील, मुलं सांगतील. वर्षभर शाळा सुटल्यावर थांबवून घेतलंय मी त्यांना.

गुरुजी : गेल्या साली पलीकडच्या गावातल्या बाईही असंच म्हणाल्या होत्या. पुण्याहून पथक आलं. साहेब काळा चष्मा लावूनच वर्गात शिरले. पहिल्या बाकावरच्या पोरीला म्हणाले, नाव सांग. तिची बोबडीच वळली. अहवालात काय आलं, माहितीय? ‘स्वतःचे नाव न येणारी विद्यार्थिनी उत्तीर्ण.’

बाई : आणि त्या बाई?

गुरुजी : बदली, सुरगाण्याला. तिथूनही आत, डोंगरात. पावसाळ्यात पत्रसुद्धा पोचत नाही. तुमच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, यजमान कारखान्यात पाळीवर. त्या माउलीला पाणी कोण देणार? आणि माझी पेन्शन तोंडावर आलीय. चौकशी लागली की अडकलीच.

बाई : ...किती लागतील?

गुरुजी : तीन. जास्त नाही.

बाई : कोथिंबीर मागावी तसं मागताय.

गुरुजी : तिन्ही मी काढलेत. एक सोमा. त्याच्या बापानं बिऱ्हाड सटाण्याला हलवलंय, तो कशाला येतोय विचारायला? दुसरा लंकाबाईचा नातू. म्हातारीला ऐकू येत नाही. पास म्हणा, नापास म्हणा, ती ‘देव भलं करो’ म्हणून निघून जाते.

बाई : त्याचं अक्षर बघितलंय का तुम्ही?

गुरुजी : अक्षर बघितलं तर हात चालेल का? मी फक्त पालक बघतो. तिसरी मैना. बाप कारखान्यात, आई लोकांची धुणी धुते. अशी माणसं शाळेची पायरी चढत नाहीत.

कुसाबाई : बाई हायेत का?

बाई : या, कुसाबाई. गुरुजी, ही मैनाची आई.

कुसाबाई : नाय, हितंच बरी, पाय धुळीचे हायेत. मैनीची आजी नामपूरहून आलीय. म्हनती, पोरगी नापास झाली तं मी घेऊन जाते, कांदे निवडायला दोन हात व्हतील. पास झाली तं तिचा बाप पाचवीत घालतो म्हनतोय. दोघं सकाळधरनं भांडत्यात. म्हनलं, इचारून येवं.

गुरुजी : निकाल उद्या, झेंडावंदन झाल्यावर. आधी सांगता येत नाही. नियम आहे.

कुसाबाई : व्हय गुरुजी, नियम नका मोडू. बाई, तुमी बोलू नका. नुसती मान हलवा.

गुरुजी : बाई!

कुसाबाई : हालली! हालली ना? लय उपकार झाले, माय. जाते मी. म्हातारीला आजच्या गाडीत बसवते.

गुरुजी : काय केलंत हे?

बाई : मान हलली.

गुरुजी : आता तिसरं कोण? बारकूचा बाप युनियनमध्ये, दारात घोषणा देईल. अंबूबाईच्या नातीचं नाव घ्यावं तर अंबूबाई सरपंचाकडे स्वयंपाकाला. जिथं बोट ठेवावं तिथं कोणीतरी विचारणारं निघतंच. पूर्वी अशी अडचण नव्हती हो.

बाई : रंगनाथ लिहा.

गुरुजी : कोण रंगनाथ?... बाई, अहो, तो तुमचा—

बाई : त्याची आई विचारायला येणार नाही.

गुरुजी : गणितात पहिला आहे तो वर्गात.

बाई : ठाऊक आहे. पेपर मीच तपासलेत.

गुरुजी : आणि यजमान?

बाई : ते मला विचारतील. मी सुरगाण्याला गेले तरी विचारतीलच की, आईकडे कोण बघणार म्हणून.

गुरुजी : मग सोमा आणि तो लंकाबाईचा नातू... ते तसेच राहू देत ना?

बाई : मला मुलगा एकच आहे, गुरुजी.

गुरुजी : बरं. बरं. झालं, नव्वद झाले. सुटलो आपण. फक्त उद्या यादी वाचताना त्याच्या नावाशी अडखळू नका. लोकांचं लक्ष असतं.

बाई : उद्याचा निकाल तुम्ही वाचा.