आमरी आंब्याचं खात न्हाई

माहेर माझं देवणीकडचं, आन् दिलं मला पार हिमायतनगरच्या बाजूला, तवा आई रडली होती, लेकीला जंगलात देऊन राहिलेत म्हणून. आता लातुरात लेकीकडं हाय, डोळ्याचं आपरेशन झालंय, हलू नका म्हणलेत, आन् तिकडं भावजींनी, माझ्या धाकल्या दिरानं, आज कोयतेवाला बोलावलाय. काय सांगू ताई, सकाळपासून फोनकडंच कान हाय. लेक कामाला गेलीय, तुमीच शेजारच्या, जरा फोन बघा बरं, वाजला का?

आमच्या बांधावर जुना आंबा हाय, त्याच्या फांद्यायवर आमरी बसलीय, कॉलेजवाले ऑर्किड म्हणतेत ती. उन्हाळ्यात फुलती, मातकट फूल, मधी निळी जीभ, वास लई गोड. पण आमच्याकडं झाडावर वाढलेलं सगळं बांडगूळच, दिसलं की छाटा. कॉलेजातल्या मॅडम आल्या तवा मी नवी सून होते. आमच्या भागातल्या आमऱ्या हुडकणाऱ्या त्या पहिल्याच, पदर खोचून चढल्या की झाडावर. सासरे खालून वरडले, बाई, झाडाचं रगत पितंय ते. मॅडम उतरल्या, खालच्या फांदीवरची एक मुळी नखानं अलगद उचलली, म्हणल्या, बाबा, बघा, आत गेलीय का? खालची साल जशीच्या तशी. बांडगूळ लाकडात घुसतं, ही नुसती बसायला जागा मागती, पाणी हवेतलं पिती. सासऱ्यांनी मरंस्तवर तिला कोयता लावू दिला न्हाई.

मॅडमनं रानं पालथी घालून पुस्तक लिहिलं, आजबी पोरं-पोरी त्याच्यावरच शिकून राहिलेत, दर उन्हाळ्याला आमच्या आंब्याखाली येतेत. मॅडम वारल्या. आन् औंदा आंबा एका अंगानं वाळला, तर भावजी म्हणतेत, खाल्लं बांडगुळानं. मी फोनवर म्हणलं, आधी नखानं मुळी उचलून बघा, मग काय करायचं ते करा. तेवढ्यात रेंज गेली, तवापासून उचलंनात. आंब्याची फिकीर मलाबी हाय हो. पण मॅडमच्या पोरायला आता दावू काय, बोडकी फांदी?

वाजला का? लावा कानाला. हाव, भावजी, बोला.

वहिनी, म्हणतेत, अर्धी आमरी तोडून झाल्यावर नखानं मुळी उचलून बघितली, आत काहीच गेलेलं न्हाई. फांदीत किडा हाय, भुसा गळून राहिलाय. पडलेल्याचं काय करू?

मी म्हणलं, सावलीत घ्या, तार लावू नका, जुन्या लुगड्याच्या चिंध्यायनं चांगल्या फांदीला बांधा, पाणी शिंपडत ऱ्हावा. आन् तुमच्या हातानं बांधा.

धरंल का न्हाई, देवाला ठावं. मुळी सालीला चिकटंस्तवर जीव असाच टांगलेला ऱ्हाणार. पण ताई, भावजींनी नखानं उचलून बघितलं, हे मॅडमला कळायला पाहिजे होतं.